आमचे विचार व देवाचे विचार

(महोत्सवापूर्वींच्या ध्यानाच्या संध्याकाळीं सोलापूर येथें केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठीं ठरविलेल्या तीन संध्याकाळांपैकीं ही मधली संध्याकाळ आमच्या वांट्यास आली आहे, आणि पवित्र शास्त्राचें मनन हा विषय आम्हांस नेमून देण्यांत आला आहे. आम्ही धर्मगुरु नव्हों, शास्त्रपारंगतहि नव्हों. या शहरांतील मुलांना अंकगणित शिकविण्यांत आमचा जन्म गेला. यास्तव शास्त्राचा अर्थ उकलून दाखविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु गणिताच्या मास्तराला एक गोष्ट कळते, ती ही कीं, हिशेब कोठें चुकला तें लपवून ठेविल्यानें पुढचें सारें उत्तर चुकतें. म्हणून आमचा स्वतःचाच एक चुकलेला हिशेब आपणांपुढें मांडतों, आणि मननाविषयीं जें काय सांगावयाचें तें त्याच्याच आधारें सांगतों.

स्मरणिकेच्या समितींत आम्ही आहों हें आपणांस ठाऊक आहे. गणपतीच्या दिवसांत, बाहेर ढोलताशे वाजत असतां, एके रात्रीं समितीची बैठक भरली होती. प्रश्न लहानसा होता: धर्मग्रामांतील कुटुंबांचीं नांवें कोणत्या क्रमानें छापावीं? आम्हीं सुचविलें कीं, ज्या घराण्यांनीं हें देवालय उभें राहतांना पाहिलें त्यांचीं नांवें पहिल्या पानावर ठळक अक्षरांत द्यावीं, आणि मागाहून आलेल्यांची यादी शेवटीं, बारीक अक्षरांत. आमच्या वडिलांनीं या भिंतींसाठीं डोक्यावरून पाणी वाहिलें होतें. तें आम्हीं बैठकींत सांगितलें, आणि एकदां नव्हे, दोनदां सांगितलें. तेव्हां वीस-बावीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन येथें स्थायिक झालेले एक गृहस्थ उठले व शांतपणें म्हणाले, "मास्तर, वर्गणी मागतांना आपण सर्वांस सारखीच मागितलीत." एवढें बोलून ते बसले. आम्हीं त्यांना जें उत्तर दिलें तें या ठिकाणीं सांगण्याजोगें नाहीं. बैठक मोडली.

त्यानंतरच्या रविवारीं मिस्सामध्यें पहिलें वाचन करण्याची पाळी आमची होती. पुस्तक उघडून पाहतों तों यशया संदेष्ट्याच्या पंचावन्नाव्या अध्यायांतील भाग. देव आपल्या लोकांना तेथें बजावितो कीं, त्याचे विचार व माणसांचे विचार एक नव्हेत. आकाश पृथ्वीहून जितकें उंच, तितकेच ते उंच आहेत. आम्हीं तें स्पष्ट उच्चारांत वाचलें, आणि आमच्याच तोंडानें वाचलेलें आमच्याच कानांत शिरलें नाहीं. पुढें धर्मगुरूंनीं संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढिला. द्राक्षमळ्याच्या धन्याची ती गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. धनी पहांटे मजूर ठरवितो. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व शेवटीं अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळावयास एक तास उरला असतां, चौकांत उभे असलेल्यांना मळ्यांत पाठवितो. आणि संध्याकाळीं सर्वांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवितो, तोहि शेवटच्यांपासून आरंभ करून. पहांटेपासून राबलेले लोक कुरकुर करूं लागतात.

त्या सकाळीं आम्हीहि बाकावर बसून कुरकुरच करीत होतों. क्षणभर तर वाटलें कीं, धर्मगुरूंनीं बैठकीची हकीकत ऐकून हा उतारा मुद्दाम निवडिला. वस्तुतः उपासनेच्या तीन वर्षांच्या क्रमांत हीं दोन्ही वाचनें त्या रविवारासाठीं ठरून गेलेलीं आहेत, आणि तीं एकमेकांशेजारीं ठेवण्यांत पवित्र सभेचा कांहीं हेतु आहे. मिस्सा संपल्यावर आम्ही धर्मगुरूंकडे गेलों व म्हणालों कीं, ही गोष्ट आम्हांस कधींच पटली नाहीं. बारा तास राबणारा व एक तास राबणारा यांना सारखी मजुरी, हें कोणत्या गणितांत बसतें? त्यांनीं वाद केला नाहीं. एवढेंच सांगितलें कीं, जो उतारा पटत नाहीं तोच आठवडाभर जवळ बाळगावा; पटणारे उतारे आपण होऊन आपल्याबरोबर राहतात.

आपली चूक बहुधा येथेंच होते. शास्त्र उघडतांना आपण आपला विचार अगोदरच ठरवून बसलेले असतों, आणि त्याला साजेसें वचन शोधीत पानें उलटतों. भांडण झालें असेल तर प्रतिपक्षाला लावतां येईल असें वचन सांपडतें. मन खिन्न असेल तर धीराचें सांपडतें. धीराचें वचन शोधणें हें पाप नव्हे, हें कबूल. कित्येक रात्रीं आम्हांसहि त्यावांचून निघाल्या नसत्या. परंतु वचनें पाठ असणें आणि देवाच्या विचारांशीं आपले विचार जुळणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. अरण्यांत चाळीस दिवसांच्या उपवासानें भुकेलेल्या आपल्या प्रभूपुढें सैतान आला, तेव्हां त्याच्या तोंडींहि स्तोत्रसंहितेंतील वचनच होतें. मत्तय व लूक हे दोघेहि तें नमूद करितात. आमच्या मतें भक्त म्हणविणाऱ्याला यापेक्षां अधिक सावध करणारी गोष्ट पवित्र शास्त्रांत क्वचितच असेल.

आणि संत पेत्राचें पाहा. कैसरिया फिलिप्पीच्या प्रदेशांत त्यानें येशू हाच ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र, असें कबूल केलें. प्रभूनें त्याला धन्य म्हटलें व स्वर्गराज्याच्या किल्ल्या देण्याचें वचन दिलें. लगेच पुढच्याच कांहीं ओळींत, आपणांस दुःख सोसावें लागेल व मरावें लागेल असें प्रभु सांगूं लागतांच, हाच पेत्र त्याला बाजूला नेऊन दटावूं लागतो! तेव्हां प्रभूनें त्याला जो ठपका दिला तो हाच कीं, तुझ्या मनांत देवाच्या गोष्टी नाहींत, माणसांच्या आहेत. पेत्राचें प्रेम खोटें नव्हतें, श्रद्धा खोटी नव्हती. त्याचें माप तेवढें माणसाचें होतें; आणि ज्या ठिकाणीं क्रूस पुढें आला त्याच ठिकाणीं तें माप उघडें पडलें. आपलेंहि तसेंच होतें. जोंवर देवाचे विचार आपल्या सोयीचे असतात तोंवर ते आपल्या विचारांहून निराळे आहेत, हें आपल्या ध्यानांतच येत नाहीं.

सोमवारीं व मंगळवारीं आम्हीं तो उतारा निजण्यापूर्वीं वाचला, आणि खरें सांगावयाचें तर दोन्ही रात्रीं धन्याशीं भांडण करून निजलों. बुधवारीं आमच्या गल्लींतील प्रार्थनामंडळ भरलें. तेथें एक वृद्ध बाई येतात. जन्मभर त्यांनीं विड्या वळल्या. बाहेरगांवच्या पाहुण्यांसाठीं सांगतों कीं, या धंद्यांत मजुरी हजार विड्यांमागें ठरलेली असते. तेंदूचें पान भिजवावयाचें, कापावयाचें, तंबाखू भरून वळावयाचें, दोरा बांधावयाचा. आणि कारखान्यांत माल देतांना ज्या विड्या वांकड्या किंवा सैल निघतील त्या बाजूस काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहींत. जितकें काम तितका दाम, हा नियम या बाईंच्या बोटांत मुरलेला. आम्हांस वाटलें, आतां धन्याविरुद्ध आमची बाजू घेणारें माणूस मिळालें. वाचन झाल्यावर आम्हीं विचारिलें, "मावशी, तुम्हांला हें बरोबर वाटतें का?"

त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मास्तर, कामाचा शीण समद्यांना दिसतोय. ज्याला काम मिळालं न्हाई त्याचा शीण कुणी मोजला का? दिवसभर उभं ऱ्हायाचं, आन् घरला जाऊन काय सांगायचं त्याचा इचार करायचा." थोड्या वेळानें, जणूं स्वतःशींच, आणखी म्हणाल्या, "पोरांची भूक काय तासावर नसती."

आम्ही गप्प झालों. घरीं येऊन उतारा पुन्हा काढिला. पहांटेच्या मजुरांचें मन आम्हीं चांगलें ओळखिलें होतें. रविवारपासून त्यांच्याच रांगेंत आम्ही उभे होतों. अकराव्या तासाच्या माणसाकडे मात्र आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें. धनी त्यांना विचारितो कीं दिवसभर रिकामे कां उभे राहिलांत, आणि ते उत्तर देतात कीं आम्हांला कोणी कामावर घेतलें नाहीं. हें उत्तर शास्त्रांत स्पष्ट लिहिलेलें आहे. शंभर वेळां तरी आम्हीं तें ऐकिलें असेल, आणि शंभर वेळां त्यावरून पुढें गेलों असूं, कारण आमचें सारें लक्ष संध्याकाळच्या पैशांकडे होतें. एक दिनार म्हणजे त्या काळीं मजुराच्या एका दिवसाची रोजी. धन्यानें तास मोजले नाहींत. एका घरची चूल एका दिवसाला काय मागते तें मोजलें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सोलापूरच्या जुन्या लोकांना गिरण्यांचे भोंगे आठवत असतील. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी मिल, तिच्यामागून निघालेल्या नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु या गिरण्या; आतां त्या सर्वच बंद पडल्या आहेत, परंतु एके काळीं हें शहर त्यांच्या भोंग्यावर उठत असे. कायम कामगार आंत गेले कीं फाटकापाशीं बदली कामगार उरत. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागीं यांपैकीं एकाला आंत घेत. बाकीच्यांनीं घरीं जावें, किंवा पुढच्या पाळीची वाट पाहावी. आमचे वडील कायम होण्यापूर्वीं कित्येक वर्षें बदली होते. आम्ही तेव्हां लहान होतों. ज्या दिवशीं काम मिळत नसे त्या दिवशीं ते भाकरीचें फडकें न सोडतां तसेंच परत आणीत, आणि आई तें कांहीं न विचारतां त्यांच्या हातून घेऊन चुलीपाशीं ठेवी. तीच भाकरी संध्याकाळीं आम्ही मुलें खात असूं. वडिलांनीं देवालयाच्या भिंतींना पाणी वाहिलें तें आम्हांस पाठ होतें. भर बैठकींत दोनदां सांगण्याइतकें पाठ होतें. तें न सोडलेलें फडकें मात्र आम्ही विसरून गेलों होतों. आणि तें पाणी तरी त्यांनीं कोणत्या दिवशीं वाहिलें असेल? कामावर असतां तर वाहिलें नसेल. फाटकावरून परत फिरविलें त्या दिवशींच वाहिलें असेल.

बंधुभगिनींनो, इतकीं वर्षें ऐकलेली गोष्ट त्या चार दिवसांतच कां उघडावी? यशयाच्या त्याच अध्यायांत, आम्हीं वाचलेल्या ओळींच्या लगेच पुढें, देव आपल्या शब्दाला पावसाची व बर्फाची उपमा देतो. बर्फ आपण पाहिलेलें नाहीं, परंतु पाऊस म्हणजे काय तें सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला सांगावयास नको. आपण त्याची वाट पाहण्यांतच वाढलों. येथें पाऊस थोडा, आणि तोहि बहुतेक शेवटीं शेवटीं, हस्ताच्या सुमारास पडणारा. तरी आपली शाळू ज्वारी त्यावरच येते. मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलेल्या मालदांडी ज्वारीचें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. ती पेरतात पावसाळा सरतां सरतां, आणि थंडीच्या दिवसांत वरून जवळजवळ थेंब न पडतां ती हुरड्यास येते, कणसानें भरते. कशावर? खोल काळ्या मातीनें पोटांत धरून ठेविलेल्या ओलीवर. मुळें त्या ओलीचा माग काढीत खालीं खालीं जातात. तोच पाऊस टणक माळावर धो धो पडला तर तासाभरांत ओढ्याला लागून सीना-भीमेला मिळतो, आणि दुसऱ्या दिवशीं जमीन होती तशी कोरडी.

आम्हीं शुभवर्तमान जन्मभर ऐकिलें, पण माळासारखें ऐकिलें. पाऊस कमी पडला असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. दर रविवारीं पडत होता.

मातींत ओल मुरावी तसा शब्द मनांत मुरूं देणें, याचेंच नांव मनन. जुने ख्रिस्ती मठवासी याला रवंथ करणें म्हणत. बैलानें दिवसा खाल्लेलें रात्रीं शांतपणें बसून पुन्हा चघळावें, तसें. बाराव्या शतकांतील गिगो नांवाच्या कार्थूसियन मठाधिपतीनें वाचन, मनन, प्रार्थना व दर्शनरूप ध्यान अशा चार पायऱ्या लिहून ठेविल्या आहेत, आणि वाचन म्हणजे घांस तोंडांत घेणें, मनन म्हणजे तो चावणें, असें तो समजावितो. तथापि पवित्र मरियेचें उदाहरण आम्हांस या सर्वांहून जवळचें वाटतें. संत लूक दोनदां सांगतो कीं, ती घडलेल्या गोष्टी अंतःकरणांत जपून ठेवी. त्यांतील दुसऱ्या खेपेस, म्हणजे बारा वर्षांचा बाळ येशू मंदिरांत सांपडला तेव्हां, त्याचें बोलणें तिला व योसेफाला समजलें नाहीं हेंहि लूक अगोदर लिहितो. जें समजलें तें जपून ठेवणें सोपें आहे. तिनें न समजलेलें जपून ठेविलें. जपमाळेचीं रहस्यें म्हणतांना आपणहि तेंच करावयाचें असतें. ज्यांना अक्षर ओळखत नाहीं त्यांनाहि हें मनन मोकळें आहे. आमच्या त्या विडीवाल्या मावशींना वाचतां येत नाहीं, ही गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्या ऐकतात, आणि हात चालू असतां ऐकलेलें मनांत फिरवितात.

कोणी विचारील कीं, मनांत जें येतें तें देवाकडून आलें कीं आपल्याच हट्टांतून, हें ओळखावें कसें? या प्रश्नावर संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव मोलाचा आहे. १५२१ सालीं पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला आणि ते लोयोला येथील आपल्या घरीं अंथरुणाला खिळले. वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं वीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरांत एकहि नव्हती. होतीं तीं पुस्तकें दोनच तऱ्हेचीं: लुडोल्फ नांवाच्या मठवाशानें लिहिलेलें ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते कधीं दरबारांतील पराक्रमाचे मनोरे रचीत, कधीं संतांसारखें अनवाणी यात्रेस जावें असें योजीत. दोन्ही विचारांनीं त्या त्या वेळीं गोडीच वाटे. पण एके दिवशीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पहिला विचार निघून गेल्यावर मन कोरडें व असंतुष्ट राहतें, आणि दुसरा निघून गेल्यावरहि आनंद मागें उरतो. विचाराची परीक्षा त्याच्या चवीवर नव्हे, त्याच्या मागें उरणाऱ्या चवीवर. १५४८ सालीं पोप तिसरे पौल यांनीं मान्यता दिलेल्या त्यांच्या अध्यात्मसाधनेच्या पुस्तकांतील विवेकाचे नियम या अनुभवांतूनच वाढले आहेत.

आम्हीं गुरुवारीं ही परीक्षा स्वतःवर करून पाहिली. त्या गृहस्थांना बैठकींत दिलेलें उत्तर आठवलें कीं आरंभीं मोठें समाधान वाटे, एकदोन अधिक झोंबणारीं वाक्यें सुचत, आणि मग जीभ कडू होई. वडिलांचें तें फडकें आठवलें कीं आरंभीं डोळे भरून येत, आणि मग मन निवांत होई. उत्तर काढावयास फार वेळ लागला नाहीं.

हें सर्व मराठींत घडलें हेंहि आम्ही उपकारबुद्धीनें नमूद करितों. मुरणारा शब्द बहुधा मातृभाषेंतलाच असतो. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं येथील भाषा आत्मसात् केली आणि तारणाचा सारा इतिहास जवळजवळ अकरा हजार ओव्यांत रचिला. तें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ओवी ही डोळ्यांनीं भरभर वाचण्याची वस्तु नव्हे. ती म्हणावयाची, ऐकावयाची, घोळवावयाची असते, आणि गोव्यांतील ख्रिस्ती लोक देवालयांत जमून तें पुराण ऐकत असत. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें लोकांच्या भाषेविरुद्ध हुकूम काढिला. त्या छापील प्रती आज उपलब्ध नाहींत. जें राहिलें तें लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें, आणि त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुराण पुन्हा छापलें गेलें. ज्यांच्या मनांत तें मुरलें होतें त्यांनींच तें वांचविलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें नांव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें. ते प्रॉटेस्टंट मंडळींत गेले, तरी त्यांची गोष्ट आपण आदरानें ऐकावी. आगगाडींत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशानें त्यांना नवा करार दिला. टिळकांनीं तो वाचण्याचें कबूल केलें होतें, एवढ्यासाठींच वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांना पुढें सरकवेना. मनांत जे प्रश्न वर्षानुवर्षें होते त्यांचीं उत्तरें तेथें आहेत असें त्यांना वाटलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यासाठीं घरदार, नातींगोतीं यांची केवढी किंमत त्यांना व लक्ष्मीबाईंना मोजावी लागली तें महाराष्ट्र जाणतो. तीन अध्यायांशीं थांबलेला माणूस!

आपण कॅथलिक मंडळींनीं मात्र घरीं शास्त्र वाचण्याची संवय उशिरां लावून घेतली, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें, आणि त्यामुळें मराठी घरांत भक्तिपर वाचन आलें. पण पवित्र शास्त्राचा ग्रंथ बहुतेक घरांत आला तो पुष्कळ मागाहून. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें देवाच्या शब्दाविषयीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला त्यांत सर्व ख्रिस्तजनांनीं शास्त्र वारंवार वाचावें असा आग्रह आहे. त्याला साठ वर्षें होऊन गेलीं. ग्रंथ आतां घरोघरीं आहे. पुष्कळ ठिकाणीं तो कपाटांत, चांगल्या कपड्यांत गुंडाळून, लग्नाच्या साड्यांशेजारीं ठेविलेला आम्हीं पाहिला आहे.

तो काढावा. रोज फार वाचूं नये. येत्या रविवारचें शुभवर्तमान सोमवारींच घरांत मोठ्यानें वाचावें, म्हणजे आजीलाहि ऐकूं येईल, आणि तेंच शनिवारपर्यंत ठेवावें. त्यांतील कोणत्या वाक्यापाशीं आपणांस राग येतो किंवा कंटाळा येतो तें पाहावें. आपण ज्या पात्राच्या बाजूनें ऐकतों ती बाजू एकदां सोडून दुसऱ्याच्या जागीं उभें राहावें. संत इग्नेशियस तर बेथलेहेमच्या गोठ्यांत एक गरीब चाकर होऊन सेवेस उभें राहा असें सांगतात. समजलें नाहीं तर नाहीं. मुलांनीं कांहीं विचारिलें तर लगेच उत्तर देण्याची घाई करूं नये. हें आम्ही एका मास्तराच्या नात्यानें, पुष्कळ घाई केल्यानंतर सांगत आहों. आणि शक्य असेल तर एकदां तरी चारचौघांत वाचावें, कारण आमच्या एकट्याच्या डोक्यानें तो अकराव्या तासाचा माणूस आम्हांस जन्मांत दिसला नसता.

यादीचें काय ठरलें तें स्मरणिका हातीं येईल तेव्हां आपण पाहालच. सर्व नांवें एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत आणि क्रम वर्णानुक्रमाचा आहे. तो प्रस्ताव आम्हीं मांडला म्हणून आमची वाखाणणी कोणी करूं नये. वर्णानुक्रमानें आमचें नांव बरेंच वर येतें.

राहिलें एक. शनिवारीं दुपारीं आम्ही त्या गृहस्थांकडे गेलों. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत एका यंत्रमाग कारखान्यांत ते टॉवेलाच्या मागावर काम करितात. दारांतून आंत पाहिलें तर मागांचा इतका खडखडाट कीं हांक मारून उपयोग नव्हता. त्यांनीं आम्हांस पाहिलें, हातानें थांबा अशी खूण केली, आणि ते पुन्हा तुटलेल्या धाग्यांकडे वळले. माग सोडून येणें त्यांना शक्य नव्हतें. बसावयास तेथें जागा नव्हती. आम्ही भिंतीच्या सावलींत उभे राहिलों. सावली सरकली तसे आम्हीहि सरकलों. येणारेजाणारे पाहत होते. एक-दोघांनीं काम पाहिजे काय म्हणून विचारिलें. क्षमा कशी मागावयाची त्याचीं वाक्यें आम्हीं घरून जुळवून आणिलीं होतीं, तीं एक एक करून विसरून गेलीं.

पाळी सुटली तेव्हां ऊन उतरलें होतें. ते केसांवरचे कापसाचे तंतू झटकीत बाहेर आले, आमच्याकडे पाहून एकदम ओशाळले व म्हणाले, "मास्तर, केव्हांपासून उभे आहांत आपण?"

आम्ही म्हणालों, "फार वेळ नाहीं." तें खरें नव्हतें, आणि तें त्यांना कळलेंहि. त्यांनीं आमच्या हातांतली पिशवी घेतली, आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोन चहा सांगितले.